दीर्घिकांची टक्कर आणि कृष्णविवरांची भेट

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं इयत्ता नववीच्या वर्गांत गुरुत्वाकर्षणाचा पाठ चालला होता. पाठ संपत आला असतां मागल्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, दोन दीर्घिका एकमेकींवर आदळल्या, तर त्यांच्या मधोमध असलेल्या कृष्णविवरांचें काय होतें?" घंटा व्हावयास दोनच मिनिटें उरलीं होतीं. मीं चटकन् उत्तर दिलें, "काय व्हायचें? एक दुसऱ्याला ओढतें, दुसरें पहिल्याला ओढतें. दोन्ही एकमेकांत पडतात आणि त्यांचें एक होतें." मुलगा खालीं बसला. वर्गानें तेवढें वाक्य वहींत उतरून घेतलें.

त्या रात्रीं तें वाक्य माझ्या मनांत सारखें घोळूं लागलें. सूर्य पृथ्वीला अब्जावधि वर्षें आपल्याकडे ओढीत आहे. मग पृथ्वी अजून सूर्यांत कां पडली नाहीं? पुढल्याच पाठांत हा प्रश्न मी मुलांस घालणार होतों, आणि त्या दिवशीं मात्र त्याचें उत्तर मीच विसरून बसलों होतों! पुढील दोन-तीन आठवड्यांत मिळालें तें वाचून काढलें, तेव्हां कळून आलें कीं, मीं एका वाक्यांत उरकलेल्या या गोष्टीवर ज्योतिर्विद गेलीं चाळीसांहून अधिक वर्षें विचार करीत आहेत. वर्गांत दिलेलें चुकीचें उत्तर वर्गांतच दुरुस्त केलें. परंतु वह्यांबरोबर तें घरोघरीं पोंचलें असेल, म्हणून ही दुरुस्ती आपल्या वार्षिकांतहि देत आहें.

आधीं थोडी ओळख

जेथून प्रकाशालाहि बाहेर निसटतां येत नाहीं इतकें प्रबळ गुरुत्वाकर्षण जेथें असतें, तें कृष्णविवर. मोठे तारे संपुष्टांत येतांना जीं कृष्णविवरें बनतात, तीं या मानानें अगदींच लहान. आजचा आपला विषय तीं नव्हेत. जवळजवळ प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या मध्यभागीं एक महाकाय कृष्णविवर असतें. आपल्या आकाशगंगेचा मध्य धनु राशीच्या दिशेस सुमारें २७ हजार प्रकाशवर्षांवर आहे. तेथील तारे एका अदृश्य बिंदूभोंवतीं फिरत आहेत, हें राइनहार्ट गेन्झेल व अँड्रिया गेझ यांच्या गटांनीं वर्षानुवर्षें वेध घेऊन दाखविलें. त्यांतील एक तारा तर अवघ्या सोळा वर्षांत आपली प्रदक्षिणा पुरी करितो. त्या ताऱ्यांच्या गतीवरून मधल्या अदृश्य वस्तूचें वस्तुमान सुमारें ४३ लक्ष सूर्यांएवढें ठरलें. या कार्याबद्दल त्या दोघांस २०२० सालच्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग देण्यांत आला. कन्या राशीच्या दिशेस असलेल्या एम्. ८७ या दीर्घिकेंतील कृष्णविवर तर सुमारें ६५० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचें आहे. त्याच्या छायेचें चित्र २०१९ सालीं जगानें पाहिलें.

आतां टक्कर म्हणजे काय तें पाहूं. हा शब्द जरा फसवा आहे. सूर्य ज्वारीच्या दाण्याएवढा मानिला, तर त्याच्या अगदीं जवळचा तारा म्हणजे दुसरा दाणा शंभर किलोमीटरांहूनहि दूर ठेवावा लागेल. इतक्या विरळ पेरलेल्या दोन शेतांतील दाणे एकमेकांवर आपटावे कसे? म्हणून दोन दीर्घिका एकमेकींतून आरपार जातात, आणि तारा ताऱ्यावर सहसा आदळत नाहीं. परंतु एकीच्या गुरुत्वाकर्षणानें दुसरीचा आकार मात्र विस्कटतो. ताऱ्यांचे लांबच लांब पट्टे बाहेर ओढले जातात. हस्त नक्षत्रांत अशा दोन दीर्घिका दुर्बिणींतून दिसतात; त्यांच्या शेपट्या कीटकाच्या मिशांसारख्या पसरलेल्या आहेत. अशा शेपट्या केवळ गुरुत्वाकर्षणानें निर्माण होऊं शकतात, हें अलार व युरी टूमरे या बंधूंनीं १९७२ सालीं गणकयंत्राच्या साहाय्यानें सिद्ध करून दाखविलें. एकमेकींतून गेलेल्या दीर्घिका पुनः मागें फिरतात, पुनः भिडतात, आणि कोट्यवधि वर्षांनीं त्यांची एकच दीर्घिका होते. त्या वेळीं दोघींचीं कृष्णविवरें तिच्या पोटांत एकमेकांपासून हजारों प्रकाशवर्षें दूर फिरत असतात. येथून आपल्या प्रश्नास खरा आरंभ होतो.

पहिला टप्पा : गर्दीचा अडथळा

पृथ्वी सूर्यांत पडत नाहीं, याचें कारण तिच्यापाशीं फिरण्याची गति आहे. शास्त्राच्या भाषेंत, तिच्यापाशीं ऊर्जा व कोनीय संवेग यांचा सांठा आहे. हा सांठा दुसऱ्या कोणास दिल्यावांचून ती सूर्याच्या जवळ येऊं शकत नाहीं. कृष्णविवरांचेंहि तसेंच आहे. तीं एकमेकांना कितीहि ओढोत. आपला सांठा देऊन टाकल्याखेरीज तीं जवळ येणार नाहींत. मग तो सांठा घेणार कोण?

पहिला घेणारा म्हणजे भोंवतालची ताऱ्यांची गर्दी. हें कसें घडतें, याचें गणित सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनीं १९४३ सालीं मांडलें. १९१० सालीं लाहोर येथें जन्मलेले हे थोर शास्त्रज्ञ त्या वेळीं अमेरिकेंतील यर्किस वेधशाळेंत काम करीत होते. जत्रेंत बत्तासे विकणारा मुलांच्या घोळक्यांतून चालला आहे, अशी कल्पना करा. मुलें त्याच्याकडे धांवतात. पण तीं येऊन पोंचतात तोंवर तो चार पावलें पुढें गेलेला असतो. परिणामीं पुढच्यापेक्षां त्याच्या पाठीमागें गर्दी अधिक जमते, आणि ती त्याचें धोतर धरून त्यास मागें खेंचते. ताऱ्यांतून जाणाऱ्या जड वस्तूमागेंहि अशीच ताऱ्यांची दाटी होते, आणि त्या दाटीचें गुरुत्वाकर्षण तिला मागें ओढतें. यास गतिकीय घर्षण म्हणतात. वस्तु जितकी जड, तितकी ती लवकर मंदावते. या घर्षणानें दोन्ही कृष्णविवरें हळूहळू नव्या दीर्घिकेच्या मध्याकडे सरकतात.

या वाटेवर असलेल्या जोड्या आज प्रत्यक्ष दिसतात. कुंभ राशींत, सुमारें ८ कोटी ९० लक्ष प्रकाशवर्षांवर, एन्. जी. सी. ७७२७ ही दीर्घिका आहे. तिच्यांतील दोन कृष्णविवरांमध्यें सुमारें १६०० प्रकाशवर्षांचेंच अंतर आहे, असें चिली देशांतील मोठ्या दुर्बिणीनें घेतलेल्या वेधांवरून २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. त्याहून दूर, सुमारें ४० कोटी प्रकाशवर्षांवर, एन्. जी. सी. ६२४० ही दीर्घिका आहे. तिच्या पोटांतील दोन कृष्णविवरें क्ष-किरणांनीं झळकतांना २००२ सालीं आढळलीं. ज्या अंतराळ-दुर्बिणीनें तीं टिपलीं, तिचें नांव चंद्रशेखरांच्या सन्मानार्थ 'चंद्रा' असें ठेविलेलें आहे. ज्यांनीं या वाटेचें गणित मांडलें, त्यांच्याच नांवाच्या दुर्बिणीस या वाटेवरील प्रवासी दिसावेत, हा योग मोठा समर्पक आहे.

दुसरा टप्पा : गोफण

मध्याजवळ पोंचल्यावर दोन्ही कृष्णविवरें एकमेकांभोंवतीं फिरूं लागतात. आतां त्यांची जोडी बनली. येथें गर्दीच्या घर्षणाचा जोर ओसरतो आणि दुसराच प्रकार सुरू होतो. शेतांत पांखरें हांकण्यासाठीं राखणदार गोफण फिरवितो, ती तुम्हीं पाहिली असेल. एखादा तारा या जोडीच्या फार जवळ आला, कीं तो असाच गरकन् फिरून मोठ्या वेगानें बाहेर भिरकावला जातो. हा वेग त्यास कोठून मिळाला? जोडीच्या सांठ्यांतून. म्हणजे प्रत्येक दगडाबरोबर गोफणीची थोडी शक्ति जाते, आणि जोडी तेवढी अधिक जवळ येते. परंतु एकेक तारा या जोडीच्या मानानें क्षुद्र असल्यामुळें, असे कोट्यवधि तारे भिरकावले जावे लागतात.

या गोफणीची खूण मागें राहते. मोठमोठ्या लंबगोल दीर्घिकांचा मध्यभाग जितका दाट व तेजस्वी असावा तितका कित्येकदां नसतो. तेथील तारे कोणी वेंचून नेले असावेत असें वाटतें. सुमारें २० कोटी प्रकाशवर्षांवरील एन्. जी. सी. १६०० या दीर्घिकेंत सुमारें १७०० कोटी सूर्यांएवढें कृष्णविवर असल्याचें २०१६ सालीं जाहीर झालें, आणि तिचा मध्यभागहि असाच विरळ आहे. हें तारे हुसकावण्याचें काम पूर्वीं तेथें असलेल्या जोडीनें केलें असावें, असें शास्त्रज्ञ मानतात.

तिसरा टप्पा : शेवटचीं तीन प्रकाशवर्षें

आतां खरी अडचण ऐका. गोफणीनें भोंवतालचे दगड संपविले, म्हणजे पुढें काय? कृष्णविवरांत सुमारें एक पार्सेक, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षें, एवढें अंतर उरलें असतां जवळपासचे तारे संपूं लागतात, असें गणितानें दिसतें. सांठा घेणारा कोणी उरला नाहीं, तर जोडी तेथेंच फिरत राहणार. ही शक्यता मिचेल बेगेलमन, रॉजर ब्लँडफर्ड व मार्टिन रीस या तिघांनीं १९८० सालीं प्रथम नीट मांडली. पुढें तिला अखेरच्या पार्सेकची समस्या असें नांव पडलें.

कोणी म्हणेल, सव्वातीन प्रकाशवर्षें म्हणजे आतां जवळच कीं! तर एक माप घेऊं. दहा कोटी सूर्यांएवढें कृष्णविवर एक सेंटिमीटर त्रिज्येची गोटी मानिलें, तर सव्वातीन प्रकाशवर्षें म्हणजे एक किलोमीटर होतो. गांवाच्या एका टोकास एक गोटी व दुसऱ्या टोकास दुसरी! या मापानें आकाशगंगेसारखी दीर्घिका पृथ्वीच्या व्यासाच्या दुपटीहून मोठी भरेल. म्हणजे प्रवास बहुतेक संपला हें खरें, पण भेट झाली असें मुळींच नव्हे.

शेवटचा घेणारा एक आहे, तो म्हणजे गुरुत्वीय लहरी. जड वस्तु एकमेकींभोंवतीं फिरूं लागल्या, कीं अवकाशांतच लहरी उठतात व ऊर्जा घेऊन दूर जातात, हें आइन्स्टाइन यांनीं १९१६ सालीं सांगितलें होतें. परंतु या लहरी अंतर अगदीं थोडें असतांच जोर धरितात. त्यांच्यामुळें दोन विवरें एक होण्यास लागणारा काळ अंतराच्या चौथ्या घातानें बदलतो. प्रत्येकीं दहा कोटी सूर्यांएवढीं दोन कृष्णविवरें घ्या. अंतर एक पार्सेक असेल, तर केवळ या लहरींवर विसंबून एकत्र येण्यास सुमारें तीन कोटि कोटि वर्षें लागतील. आणि सर्व विश्वाचें वय तर सुमारें १३८० कोटी वर्षेंच आहे! आतां अंतर दहापट कमी करा. दहाचा चौथा घात दहा हजार. म्हणून काळ दहा हजारपट कमी होऊन ३००० कोटी वर्षांवर आला. अजूनहि विश्वाच्या वयाहून अधिकच. आणखी एकदां दहापट जवळ आणा, तर तोच काळ ३० लक्ष वर्षें उरतो. विद्यार्थ्यांनीं हें गणित वहींत स्वतः करून पाहावें, म्हणजे चौथ्या घाताचा प्रताप ध्यानांत येईल. सगळी अडचण मधल्या त्या पट्ट्यांत आहे: तेथें गोफणीस दगड नाहींत आणि लहरींस अजून जोर नाहीं.

या पेंचांतून सुटण्याचे मार्ग शास्त्रज्ञांनीं शोधिले आहेत. नुकतीच मिसळलेली दीर्घिका चेंडूसारखी गोल नसते, बटाट्यासारखी ओबडधोबड असते. अशा दीर्घिकेंत ताऱ्यांचे मार्ग सारखे बदलत राहतात, आणि दूरचे तारे मध्याजवळ येत असतात. म्हणजे गोफणीस नवे दगड मिळत जातात. दुसरा मार्ग वायूचा. दीर्घिकेंत थंड वायु भरपूर असेल, तर तो जोडीभोंवतीं चक्राकार जमतो, आणि ऊर्जेच्या या देवघेवींत त्याचाहि हात असतो. तिसरा मार्ग असा कीं, कालांतरानें एखादी तिसरी दीर्घिका येऊन मिळते, आणि तिच्या कृष्णविवराच्या ओढाताणीनें पहिलीं दोन एकत्र लोटलीं जातात. कोणत्या दीर्घिकेंत कोणता मार्ग मुख्य ठरतो, याचा शोध अजून चालू आहे.

पुरावा कसा मिळाला

गणित झालें, प्रत्यक्षाचें काय? ययाति तारकासमूहांत सुमारें ७५ कोटी प्रकाशवर्षांवर एका दीर्घिकेंत दोन कृष्णविवरें एकमेकांपासून अवघ्या २४ प्रकाशवर्षांवर आहेत, असें रेडिओ वेधांवरून २००६ सालीं दिसून आलें. त्यांची एक फेरी पुरी होण्यास सुमारें ३० हजार वर्षें लागत असावींत, असा अंदाज २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. याहून जवळ आलेल्या जोड्या दुर्बिणींतून वेगळ्या दिसणें फार कठीण. तेथें पाहण्याचें थांबून ऐकण्याकडे वळावें लागतें.

गुरुत्वीय लहरी प्रत्यक्ष प्रथम सांपडल्या त्या १४ सप्टेंबर २०१५ रोजीं, अमेरिकेंतील लायगो या यंत्रांस. त्या मात्र सुमारें ३६ व २९ सूर्यांच्या लहान कृष्णविवरांच्या होत्या. महाकाय जोडीची एकेक लहर पुरी होण्यास वर्षेंच्या वर्षें लागतात. तिच्यासाठीं पृथ्वीवरचें कोणतेंहि यंत्र तोकडें पडतें. म्हणून शास्त्रज्ञांनीं आकाशांतील घड्याळें वापरलीं. स्पंदक नांवाचे कांहीं मृत तारे सेकंदास शेंकडों वेळां फिरतात, आणि दीपस्तंभासारखे त्यांचे रेडिओ झोत ठराविक वेळीं आपल्याकडे येतात. मधून गुरुत्वीय लहर गेली, तर हे ठोके किंचित् लवकर किंवा उशिरां पोंचतात. हा फरक सेकंदाच्या एक कोट्यंशाच्या आसपासचा! एकाच घड्याळावर विश्वास कसा ठेवावा? म्हणून अनेक स्पंदकांचे ठोके ताडून पाहतात. लहर खरी असेल, तर आकाशांत दोन स्पंदकांमधील कोनाप्रमाणें त्यांचे फरक कसे जुळावेत, याचें गणित हेलिंग्ज व डाउन्स यांनीं १९८३ सालींच करून ठेविलें होतें.

या कामांत महाराष्ट्राचाहि वांटा आहे. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या तीस तबकड्या असून प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची आहे. या दुर्बिणीनें भारतीय व जपानी शास्त्रज्ञांच्या गटानें स्पंदकांचे ठोके वर्षानुवर्षें मोजले. जून २०२३ मध्यें युरोपीय व भारतीय गटांनीं मिळून २५ स्पंदकांच्या नोंदींवरून, आणि त्याच वेळीं अमेरिका, ऑस्ट्रेलिया व चीन येथील गटांनीं स्वतंत्रपणें, अशा लहरींचा मंद गुंजारव आढळल्याचें जाहीर केलें. हा एका जोडीचा आवाज नव्हे. विश्वांतील असंख्य जोड्यांचा एकत्र कोलाहल असावा, असा बहुतेकांचा कयास आहे. तसें असेल, तर त्याचा अर्थ फार मोलाचा आहे: पुष्कळ जोड्या तो अवघड पट्टा ओलांडून पलीकडे जातात. निसर्गास वाट सांपडलेली आहे. ती कोणती, हें आपण शोधावयाचें आहे.

भेटीनंतर

शेवटीं दोन कृष्णविवरें एक होतात, तेव्हां त्यांचें कांहीं वस्तुमान लहरींच्या रूपानें निघून जातें. २०१५ सालच्या त्या लहान जोडींत सुमारें तीन सूर्यांएवढें वस्तुमान असें गेलें. या लहरी सर्व दिशांस सारख्या जात नसल्या, तर बंदूक उडवितांना खांद्यास बसावा तसा धक्का नव्या कृष्णविवरास बसतो. कांहीं विशेष परिस्थितींत हा धक्का सेकंदास हजारों किलोमीटरांचा असूं शकतो, आणि त्यामुळें तें स्वतःच्या दीर्घिकेंतूनच हांकलून दिलें जाऊं शकतें. अशा भेटी ऐकण्यासाठीं युरोपीय अवकाश संस्थेनें लिसा नांवाच्या योजनेस जानेवारी २०२४ मध्यें मंजुरी दिली. तींत तीन यानें एकमेकांपासून २५ लक्ष किलोमीटरांवर त्रिकोणांत ठेवावयाचीं असून, तीं २०३५ च्या सुमारास सोडण्याचा बेत आहे. आज नववींत असलेलीं मुलें त्या वेळीं ऐन पंचविशींत असतील.

आपल्या आकाशगंगेचें काय? आपली शेजारीण देवयानी दीर्घिका सुमारें २५ लक्ष प्रकाशवर्षांवर असून ती सेकंदास सुमारें ११० किलोमीटर वेगानें आपल्याकडे येत आहे. तिच्या पोटांतील कृष्णविवर दहा कोटी सूर्यांहून मोठें आहे. दोघींची टक्कर अटळच, असें पूर्वीं समजत. परंतु २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पुढल्या एक हजार कोटी वर्षांत ती होण्याचा संभव जवळजवळ निम्माच आहे. तेव्हां येथेंहि घाईनें 'होणारच' असें म्हणूं नये.

वर्गांत दुरुस्ती केली त्या दिवशीं मीं फळ्यावर जुनें वाक्य लिहिलें, त्यावर आडवी रेघ मारली, आणि खालीं लिहिलें: "केवळ ओढ असून भागत नाहीं, जवळ येण्यासाठीं आपल्यापाशीं असलेलें कांहीं द्यावें लागतें." मुलांनीं तें उतरून घेतलें. तोच मागल्या बाकावरील विद्यार्थी पुनः उठला. "सर, मग ते बाहेर भिरकावलेले तारे कोठें जातात?" घंटा व्हावयास याहि वेळीं थोडाच अवकाश होता. मीं म्हटलें, "उद्यां सांगतों."

दुसऱ्या दिवशीं नीट पाहून सांगितलें, तें असें: कांहीं तारे त्याच दीर्घिकेच्या बाहेरल्या भागांत फिरत राहतात, आणि ज्यांस पुरेसा वेग मिळतो, ते दीर्घिका कायमची सोडून दोन दीर्घिकांमधल्या अंधारांत एकटेच प्रवास करितात.